अनसाआक्काच्या ओळखीचे हात

छायाचित्र माणसाला मरणाच्या पलीकडे नेतं. हे वाक्य माझं नाही. धारूरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवत होतो, तिथल्या प्राचार्यांनी ते जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना दोनदा म्हटलं. पहिल्यांदा माईक बंद होता. त्यांच्या मागे भिंतीवर मरणाच्या पलीकडे गेलेली पन्नासेक माणसं टांगलेली होती. पुरुषांखाली नाव, गाव आणि हुद्दा लिहिला होता. बायकांखाली सगळीकडे एकच ओळ होती : ‘कुटुंबातील स्त्रिया’.

त्या ओळी माझ्या हातच्या. लोक पत्र्याच्या ट्रंकेतून, देव्हाऱ्याच्या मागून, रद्दीच्या गठ्ठ्यातून फोटो काढून आणत आणि मी वही घेऊन बसलेला असे.

“ह्या कोण?”

“आमच्यातल्याच हायेत की.”

“हो, पण नाव?”

“आता कावून विचारायलाव सर? मेल्या त्या समद्या.”

लोकांचाही दोष नव्हता. लग्नातल्या फोटोत आठ बायका ओळीने बसलेल्या, आठहीजणींचा पदर हनुवटीपर्यंत. पदराखाली आजी आहे की आत्या, हे पोटच्या पोरांनाही सांगता येत नव्हतं. तरी प्रत्येक जण फोटो परत नेताना छातीशी धरून नेई. कोण आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाची आठवण किती दाटून येते, हे मी त्या आठवड्यात पाहिलं.

आमचा शिपाई शेषराव शेवटी म्हणाला, “सर, उगं हैराण व्हायलाव. कासार गल्लीत अनसाआक्काला दाखवा. तिनं बांगड्या भरल्या न्हाईत आसा हात ह्या डोंगरपट्ट्यात न्हाई.”

अनसाआक्का उंबऱ्यात बसली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेली, काटकुळी, पण उजव्या हाताचा अंगठा मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा असा रुंद आणि चपटा. मी नमस्कारासाठी हात जोडले, तर तिने त्यातला एक ओढून घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबला.

“अडीचचा हाय,” ती म्हणाली. “पर हाड मऊ. मास्तर हाव का?”

“हो.”

“वाटलंच. खडूपरीस जड काय उचललं न्हाई.”

हा तिचा रामराम. तहसीलदार असो की टपाल्या, ती आधी हाताचं माप घेई आणि मग माणसाकडे पाही. सव्वादोन, अडीच, पावणेतीन ही बांगडीची मापं. तिच्या लेखी मनुष्यजातीचे प्रकार एवढेच.

मी फोटो पुढे केला. तिने जे केलं ते मी नंतर अनेकदा पाहिलं, पण पहिल्यांदा मला वाटलं तिला दिसत नसावं. तिने आपला डावा तळहात फोटोवर आडवा ठेवला आणि चेहऱ्यांची अख्खी ओळ झाकून टाकली.

“आक्का, तोंडं झाकली तुम्ही.”

“मधी मधी येतेत ती. फोटोला बाईमाणूस तोंड पुसून बसतं. हात पुसलं तरी हातच ऱ्हातेत.”

मग ती उरलेल्या भागावरून बोट फिरवत गेली. मांडीवर ठेवलेले, एकमेकांत अडकवलेले, पोराला धरलेले, पदराचं टोक मुठीत घेतलेले हात. “ही चंद्रकला. हिचं अंगठ्याचं हाड वर आलेलं, भरताना डोळ्यात पाणी यायचं, पर तोंडातून शब्द न्हाई. ही तिची जाऊ. हिला हिरव्यात पिवळी टिकली लागायची, न्हाई तर उठून जायची. ही कोपऱ्यातली गोदा, ही डावखुरी. बघा, डावीकडच्या बांगड्या कमी हायेत. कामाचा हात. घडी घडी वाढायच्या.”

“फुटायच्या?”

“वाढायच्या म्हणावं!” ती एकदम करवादली. “शिकल्याली माणसं तुमी, बाईच्या बांगडीला फुटली म्हणतेत का?”

आम्हा वर्गात समानार्थी शब्द शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं होतं. मी पुन्हा कधी चुकलो नाही.

सोळाव्या वर्षी ती घाटनांदूरहून लग्न होऊन धारूरला आली. सासूने दुसऱ्या महिन्यात डोक्यावर बांगड्यांची पाटी दिली आणि दोघी डोंगराखालची गावं पायी फिरू लागल्या. कासारणीला कुठल्याही घरात थेट आत, चुलीपर्यंत जायला मज्जाव नसे. धंद्याचा एकच कायदा होता : भरताना वाढली तर कासाराची, भरून झाल्यावर वाढली तर बाईची. त्यामुळे समोरचा हात नीट ओळखणं हे पोटाचं काम होतं. चेहऱ्याचं तसं काही नव्हतं. घरोघरी बायका तिच्यासमोरही, सासरे ओसरीत असले तर, पदराआडच बसत. काही हात तिने चाळीस वर्षं हातात घेतले आणि त्यांचे चेहरे ती बाजारात ओळखू शकली नसती. असं ती स्वतः सांगे, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नसे.

ती तिशीतच विधवा झाली. त्यानंतर एका मोठ्या घरच्या लग्नात म्हाताऱ्या मालकिणीने अडवलं : नवरीला चुडा भरायला पांढऱ्या कपाळाची बाई नको. अनसाआक्काने पाटी खाली ठेवली, “बरं, भरा तुमी,” म्हणाली आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. आतून थोड्या थोड्या वेळाने काच वाढल्याचा आवाज येत राहिला. डझनभर गेल्या, नवरीच्या मनगटावर ओरखडा आला, तेव्हा मालकीण स्वतः बाहेर आली. “चल आत.” आक्का गेली, पाच मिनिटांत चुडा भरला आणि निघताना म्हणाली, “मालकीणबाई, वाढल्याल्या तेवढ्या तुमच्या बरं का. मी भरत नव्हते.”

हा किस्सा तिने मला तीनदा सांगितला. तिन्ही वेळा डझनाचा आकडा तोच राहिला. आमच्या भागात हे सत्याचं लक्षण मानायला हरकत नाही.

प्रदर्शनात एक भानगड निघाली होती, तीही तिच्याचमुळे सुटली. तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या फोटोंत एकच बाई होती. गोरी, सरळ नाकाची, पदर अर्ध्या केसांवर, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी. तिन्ही घरं म्हणत, ही आमची आजी. एका घराने तर तिच्या नाकावरून आपल्या चार पोरींची नाकं कशी आली, ते मला दाखवलं.

आक्काने तिघींच्या हातांवर बोट ठेवलं आणि हसायला लागली. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. “ही? ही फोटोवाल्याची बायको. बांगड्या बघा की, माझ्या न्हाईत. बीडच्या हायेत, नक्षीच्या.”

उलगडा साधा होता. बीडचा फोटोवाला एस.टी.ने गावोगाव यायचा. परक्या पुरुषापुढे बायका बसेनात. मग तो बायकोला बरोबर आणू लागला. ती मधोमध जाऊन बसायची, पदर मागे सारायची, म्हणायची, बघा, मला काय झालं का? तिला पाहून बाकीच्या बसत. हिंमत द्यायला आलेली बाई अशी दहा गावांच्या फोटोंत राहिली, आणि चेहरा दिसतो अशी ती एकटीच असल्यामुळे पन्नास वर्षांनी दहा गावांची आजी झाली.

मी दुसऱ्या दिवशी नवी नावं लिहून प्राचार्यांकडे नेली. त्यांनी विचारलं, “याला आधार काय?”

“कासारीण.”

“लेखी?”

ओळी बदलल्या गेल्या नाहीत. तीन घरांनाही मी काही बोललो नाही. चार पोरींच्या नाकांचा प्रश्न होता.

स्वतः अनसाआक्काची ओळख पटवणं मात्र सोपं नव्हतं. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेत नसे. ती अंगठा ठेवी, यंत्र लाल दिवा लावी. ती अंगठा लुगड्याला पुसून पुन्हा ठेवी, पुन्हा लाल. साठ वर्षं काच दाबून रेषा झिजल्या होत्या. दुकानदार वैतागून म्हणे, “आक्का, तुमचा अंगठाच न्हाई ह्यात.” ती म्हणे, “माझा अंगठा लोकांच्या हातांवर गेला बाबा. तिथं जाऊन बघ.” मागे उभ्या बायका हसत आणि त्यातलीच एखादी आपल्या पिशवीतले तांदूळ तिला ओतून देई.

मग भाऊसाहेबांचं प्रकरण आलं.

भाऊसाहेब म्हणजे डोंगराखालच्या एका गावचे बडे बागाईतदार आणि पुढारी. साठीला टेकलेले. त्यांनी गावात आईच्या नावाने सभागृह बांधलं होतं. दर्शनी भिंतीवर आईचं चित्र लावायचं होतं, आणि आईचा फोटो नव्हता. ती गेली तेव्हा ते दीड वर्षाचे होते. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईने वाईट वागवलं नाही, पण पहिलीचं नाव घरात निघेनासं झालं. इतक्या वर्षांत या माणसाने आईचा चेहरा कसा होता हे कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखी माणसं होती तोवर त्यांना वेळ नव्हता.

आणि आता जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. सहा बायका. प्रदर्शनामुळे माझं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून ते माझ्याकडे आले. बरोबर विलास नावाचा कार्यकर्ता होता, जो भाऊसाहेबांच्या वतीने आधी बोलत असे.

“सर, ही मातोश्री,” विलासने मधल्या बाईवर बोट ठेवलं. “हुबेहूब भाऊ. नाक बघा, कपाळ बघा. कोल्हापूरच्या चित्रकाराला सांगून ठेवलंय. फक्त एकदा खात्री.”

मी पाहिलं. गोरी, सरळ नाकाची, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी. मी त्या बाईला चौथ्यांदा भेटत होतो.

मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. भाऊसाहेब फोटोकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर मी त्यांच्या कुठल्याही फ्लेक्सवर पाहिली नव्हती. मी एवढंच म्हटलं, “अनसाआक्काला दाखवू.” भित्रेपणाला शिकलेली माणसं शास्त्रोक्त पद्धत म्हणतात.

कासार गल्लीत त्यांची गाडी शिरेना, म्हणून आम्ही पायी गेलो. आक्काने भाऊसाहेबांचा हात ओढला, दाबला आणि क्षणभर सोडलाच नाही. मग फोटो घेतला. डावा तळहात आडवा ठेवला. सहा चेहरे गेले.

“केसरचा पोरगा का तू?” ती म्हणाली.

आईचं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं बोट मधल्या बाईवरून न थांबता पुढे गेलं आणि डावीकडच्या टोकाला थांबलं. तिथे एक बाई कडेवरच्या पोराला सावरत होती. पोर रडत असावं. फोटो निघताना तिने मान वळवली होती. चेहऱ्याच्या जागी पदर आणि एक पांढरा फराटा. पोराच्या पाठीवरचा हात मात्र स्वच्छ आला होता. चार बोटं पोराच्या सदऱ्यात रुतलेली, करंगळी ताठ.

“ही तुझी आई. करंगळी वाकायची न्हाई तिची. ज्वारी कापताना विळ्यानं शीर तुटलती. आन् कडेवर तूच हायेस.”

भाऊसाहेब वाकले.  मग म्हणाले, “आक्का, हिचं तोंडच न्हाई.”

“मी काय करू? तूच रडत होतास.”

विलास पुढे सरकला. “आक्का, नीट बघा जरा. मधलीच आसंल. तुमचं वय झालं, चुकतंय माणूस. हीच म्हणा की, काय बिघडतंय? कार्यक्रम जवळ आलाय.”

“मधली फोटोवाल्याची बायको हाय.”

“पर दुसरी एखादी बघा. तोंड दिसंल आशी.”

आक्काने फोटो परत दिला. “बांगडी बदलून देते मी, बाबा. आई बदलून मिळत न्हाई.”

विलास आणखी काही बोलणार होता. “गप बे,” भाऊसाहेब म्हणाले. हळू म्हणाले, पण विलास दोन पावलं मागे गेला.

गावी परतल्यावर त्यांनी खात्री करून घेतली. त्यांचे एक चुलते हयात होते, ऐंशीच्या पुढचे, कानाने पार गेलेले. त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, केसर कशी होती? म्हातारबा थोडा वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताची करंगळी ताठ करून दाखवली.

आठवड्याने दुपारी मी आक्काकडे गेलो, तर उंबऱ्यात भाऊसाहेब बसले होते. एकटे. गुडघे पोटाशी घेऊन, पांढऱ्या कपड्यांना कासार गल्लीची धूळ लागू देत. मी मागे फिरणार होतो. आक्काने खुणेनेच बसवलं.

“अजून काय म्हणायची?” ते विचारत होते.

“लई तोंडाळ होती तुझी आई. मी बी नवी, ती बी नवी. बांगडी चढवायला लागले की शिव्या द्यायची. ‘अनसे, हात माझा हाय, बैलाचं शिंग न्हाई!’ मग मी आजून जोरात दाबायची. तिची सासू आतून खाकरायची, की आमी दोघी गप.”

भाऊसाहेब हसले. हसताना त्यांचा चेहरा कुणासारखाही दिसत नव्हता.

“शेवटचं कवा भेटलीस तिला?”

 समोरच्या दोरीवर हिरव्या बांगड्यांचे जुडगे लटकत होते. आक्काने त्यातला एक सरळ केला.

“दुसऱ्या बाळंतपणात गेली. सवाष्ण गेली म्हणून तुझ्या आजीनं मला बोलावून घेतलं, चुडा भरायला. सव्वादोनचा हात. दर खेपेला एखादी तरी वाढायचीच तिची. त्या दिवशी एकबी वाढली न्हाई. सगळ्या सरळ गेल्या.” तिने जुडगा सोडला. “मी दाबायले, आन् वाट बघायले, आता शिवी देईल म्हणून.”

 मग भाऊसाहेबांनी आपला हात तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला आणि मांडीवर ठेवून घेतला. मी उठलो. आपण नको आहोत हे कळायला मास्तरालाही इतका वेळ लागत नाही.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी ठरवलं की सभागृहात तो हातच लावायचा. हात आणि त्याखालची पोराची पाठ, एवढंच, मोठं करून. विलासने माझ्याकडे येऊन डोकं धरलं. “सर, तुमी तरी सांगा. ह्यो हात म्हणजे समोरच्या पार्टीचं चिन्ह झालं की! लोक म्हणतील भाऊ फुटले. तिकिटाचा टाइम हाय.” मी सांगायला गेलो नाही. पण इतरांनी सांगितलं, आणि वरूनही फोन आला. भाऊसाहेबांचं सगळ्यांना एकच उत्तर होतं : माझ्याकडं आईचं एवढंच हाय.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. पडदा सरला आणि भिंतीवर चार फूट उंचीचा हात दिसला. पाहुणे हार घेऊन उभे राहिले. हार घालावा की नाही हे ठरवायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा नंतर भाषणालाही लागला नाही. त्यांनी आधी फोटोग्राफर कुठे आहे ते पाहिलं, मग हार भाऊसाहेबांच्या हातात दिला.

भाऊसाहेबांचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यात ‘वात्सल्यसिंधू’ हा शब्द होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. त्यांनी कागद उघडला, पुन्हा त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

“माझी आई लई तोंडाळ होती,” ते म्हणाले. एवढं म्हणून ते खाली बसले.

 मग मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्यांना तसं हसताना पाहून मला वाटलं की त्यांना केसर आठवली. त्या भाषणाला दाद एवढीच मिळाली. त्या वर्षीचं तिकीट विलासला मिळालं.

लोक पंगतीला गेले तेव्हा मी आक्काला शोधत आत आलो. ती त्या हातासमोर उभी होती. फोटोतला अंगठा तिच्या खांद्याच्या उंचीला येत होता. तिने आपला झिजलेला अंगठा वर केला आणि त्या अंगठ्याच्या बुडाशी, बांगडी अडते तिथे, हलकेच टेकवला.

“काय बघता, आक्का?”

“सव्वादोनचा हात किती मोठा केला ह्यांनी,” ती म्हणाली. “आता ह्येचं माप माझ्याकडं न्हाई.”

मग ती जेवायला गेली. मी तिला पाहिलं ते शेवटचंच. पुढच्या थंडीत ती गेली. विधवा होती, त्यामुळे तिला काही भरायचं नव्हतं. भरायला कुणी उरलंही नव्हतं. खांद्याला मात्र चार मोठी माणसं होती, आणि त्यांतले एक भाऊसाहेब होते.

हात अजून भिंतीवर आहे. निवडणूक लागली की आचारसंहितेचं पथक तालुक्याहून येतं, करंगळीपासून मनगटापर्यंत त्यावर वर्तमानपत्र चिकटवतं आणि निकालानंतर काढून टाकतं. दर वेळी रीतसर पंचनामा होतो. गेल्या खेपेचा मी स्वतः वाचला. त्यात लिहिलं आहे : ‘हात, स्त्रीचा, नग एक. झाकला.’